सुभेदार रामजी सकपाळ यांच्या वाटेने : एका अभ्याससहलीचे परीक्षण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनाशी निगडित स्थळे दाखवणाऱ्या सहली महाराष्ट्रात पुष्कळ निघतात. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाडचे चवदार तळे आणि मध्य प्रदेशातील महू ही त्यांची ठरलेली ठिकाणे असतात आणि तेथे जाणाऱ्यांची संख्याही मोठी असते. मात्र ज्या माणसाने बाबासाहेबांना वाढवले, शिकवले आणि वेळप्रसंगी कर्ज काढून पुस्तके आणून दिली, त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांना मध्यवर्ती धरून आखलेली सहल माझ्या पाहण्यात नव्हती. पुण्यातील काही निवृत्त शिक्षक आणि माजी सैनिक मिळून अशी एक तीन दिवसांची अभ्याससहल चालवतात. पुण्याहून आंबडवे, तेथून दापोली, मग सातारा आणि शेवटी मुंबईतील परळ असा तिचा मार्ग आहे. ही सहल जिज्ञासू वाचकांनी अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या एका भागाबद्दल मात्र माझी ठाम तक्रार आहे आणि तीही या लेखात सविस्तर मांडणार आहे.

रामजींच्या आयुष्यावर तीन दिवस खर्च करण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मला सहलीला निघण्यापूर्वी अनेकांनी विचारला. वडील मालोजी फौजेतले, सासरे धर्माजी मुरबाडकर सुभेदार-मेजर, आणि सासऱ्यांचे भाऊही लष्करातच, असे हे संपूर्ण लष्करी गोत होते. रामजी स्वतः मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाले, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून शिक्षक झाले आणि पुढे सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. महूच्या छावणीत असताना 14 एप्रिल 1891 रोजी त्यांच्या चौदाव्या अपत्याचा, भीमरावाचा, जन्म झाला. निवृत्तीनंतर दापोली, सातारा आणि मुंबई अशी त्यांची बिऱ्हाडे झाली. पत्नी गेली, अनेक मुले गेली, नोकरी कधी होती तर कधी नव्हती, पण घरातली पहाटेची आणि रात्रीची कबीराची भजने बंद पडली नाहीत. शिपाईगिरी, मास्तरकी, प्रपंच आणि भक्ती हे चारही धागे एकाच माणसात इतके घट्ट विणले गेल्याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील अस्पृश्य समाजात फार थोडे सापडते, आणि जी सापडतात त्यांतील बहुतेकांची नोंदही कोणी ठेवलेली नाही.

आयोजकांनी ही चौकट नेमकी ओळखली आहे. सहलीत माणसे मोजकीच घेतात, त्यामुळे एक मिनीबस पुरते आणि बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एक पुस्तिका घरपोच येते. तीत रामजींच्या जीवनातील तारखा, मार्गाचा नकाशा आणि चरित्रग्रंथांतील निवडक उतारे आहेत. पुस्तिकेची छपाई साधी असली तरी मजकूर काळजीपूर्वक तपासलेला आहे, आणि मला विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे कुटुंबात सांगितली जाणारी आख्यायिका कोणती आणि कागदोपत्री आधार असलेली माहिती कोणती, हे तीत वेगवेगळे ठेवले आहे. रामजींचे एक चुलते बैरागी झाले होते, ते फिरत फिरत महूला आले आणि या घराण्यात कीर्तिमान पुत्र जन्मेल असा आशीर्वाद त्यांनी दिला, ही प्रसिद्ध कथा पुस्तिकेत आहे, पण ती आख्यायिका म्हणूनच दिली आहे. श्रद्धेने येणाऱ्या प्रवाशांपुढे असे लिहायला धैर्य लागते.

मार्गदर्शक दोघे आहेत. एक गृहस्थ लष्कराच्या शिक्षण शाखेतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत आणि दुसऱ्या बाई कोकणातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आहेत. सगळे त्यांना ‘सुभेदारसाहेब’ आणि ‘बाई’ एवढेच म्हणतात. या जोडीची निवड हे या सहलीचे सर्वांत मोठे बलस्थान आहे, कारण लष्करी शाळा कशी चालते हे ज्याने आतून पाहिले आहे आणि मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी शिकवताना नेमके कोठे अडते हे जिला पुरते ठाऊक आहे, अशी ही दोन माणसे आहेत.

पहिल्या दिवशी बस ताम्हिणी घाट उतरून महाडला येते आणि तेथे चहापुरतीच थांबते. चवदार तळ्यापाशी न जाता पुढे निघायचे, हे आयोजकांनी मुद्दाम ठरवलेले आहे. आमच्यापैकी काहींना ते खटकले. “महाडला येऊन तळे न पाहता जायचे म्हणजे काय?” असे एका वयस्कर काकांनी विचारलेही. सुभेदारसाहेबांनी त्यांना शांतपणे सांगितले की, तळ्याचा सत्याग्रह 1927 चा आहे, तोपर्यंत रामजींना जाऊन चौदा वर्षे झाली होती, आणि ही सहल वडिलांची आहे. मला हा निर्णय पटला. मुलाच्या कर्तृत्वाचा प्रकाश इतका प्रखर आहे की त्यात बापाचे आयुष्य दिसेनासे होते. ते दिसावे असे वाटत असेल, तर काही ठिकाणी न थांबण्याचा संयम पाळावाच लागतो.

म्हाप्रळमार्गे मंडणगड तालुक्यात शिरल्यावर आंबडवे येते. सकपाळ घराण्याचे हे मूळ गाव. येथे बाबासाहेबांचे स्मारक आहे आणि तेथे दर्शनासाठी येणाऱ्यांची वर्दळ असते. सहलीचा येथील मुक्काम तासाभराचाच आहे आणि तो पुरेसा आहे. रामजींच्या पिढीला या गावाने काय दिले आणि काय नाकारले, एवढेच येथे सांगितले जाते. गावकीच्या कामात अडकलेल्या कुटुंबाला कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या फौजेने पगार, गणवेश, निवृत्तिवेतन आणि मुख्य म्हणजे शाळा दिली. फौजेतील शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षणाची सोय होती, आणि कोकणातल्या डोंगराळ गावातून फौजेत गेलेल्या घरांमध्ये एका पिढीत वाचणारी, लिहिणारी, भजनांच्या वह्या उतरवून ठेवणारी माणसे तयार झाली, ती या शाळांमुळे. सुभेदारसाहेबांनी हे सांगताना कोठेही आवाज चढवला नाही. ते फक्त पुढे म्हणाले की, गावातल्या शाळेचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्यांच्यातला एक जण लष्करी शाळेचा मुख्याध्यापक झाला, एवढे लक्षात ठेवून दापोलीला चला.

दापोलीला आजही जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. इंग्रजांच्या छावणीमुळे वसलेल्या या गावात आणि आसपास महार समाजातील निवृत्त सैनिकांची वस्ती मोठी होती, आणि रामजी फौजेतून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह येथेच आले. या ठिकाणी सहलीने लष्करी सेवेचा विषय हाताळला आहे आणि तो फार चांगला हाताळला आहे. 1892 च्या सुमारास महारांची फौजेतील भरती बंद करण्यात आली. ज्या समाजाच्या तीन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या होत्या, त्याला एका हुकुमाने ‘लढाऊ नव्हे’ असे ठरवले गेले. या निर्णयाविरुद्ध अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असे चरित्रकार सांगतात. दापोलीतच गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त हवालदारांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन करून याच प्रश्नावर सरकारकडे दाद मागितली होती. निवृत्त शिपायांनी स्वतःच्या हाताने, कायद्याच्या भाषेत, सेवेचे दाखले देत अर्ज लिहिणे ही महाराष्ट्रातील अस्पृश्यांच्या हक्कांच्या लढ्याची अगदी सुरुवातीची पावले होती. फौजेने शिकवलेली लेखणी फौजेच्याच अन्यायाविरुद्ध उचलली गेली, हे समजून घेण्यासाठी दापोलीसारखी जागा नाही. पुढे 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्याचा उल्लेख सुभेदारसाहेबांनी ओघात केला आणि ते पुन्हा रामजींकडे वळले.

रात्रीचे जेवण झाल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी जे सत्र होते, त्यासाठी मी ही सहल पुन्हा करीन. सत्राचा पहिला भाग शिकवण्याबद्दल आहे आणि तो ऐकायचा नसून करायचा आहे. बाई प्रत्येकाला एक वही आणि पेन्सिल देतात आणि फळ्यावर मराठी वाक्ये लिहितात. ती इंग्रजीत लिहायची आणि शेजाऱ्याला दाखवायची नाहीत, एवढीच अट. रामजींनी भीमरावाला इंग्रजी शिकवले ते हॉवर्डच्या वाचनपुस्तकांतून आणि तर्खडकरांच्या भाषांतरमालेतून, आणि तीही त्यांनी मुलाकडून तोंडपाठ करून घेतली होती. मराठी वाक्याला योग्य इंग्रजी प्रतिशब्द शोधायचा, तो वाक्यात नेमका कोठे बसतो ते पाहायचे, आणि चुकला तर पुन्हा लिहायचे, अशी ती पद्धत. त्या रात्री आमच्यापैकी बँकेतून निवृत्त झालेले, शाळेत इंग्रजी माध्यमात शिकलेले, असे सगळेच कामाला लागले. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ या साध्या वाक्यावर पाच जणांनी पाच तऱ्हा केल्या. बाई प्रत्येक वहीवर वाकून, लाल पेन्सिलीने एक शब्द पुढे आणि एक मागे अशी खूण करत गेल्या, आणि कोणाचेही उत्तर मोठ्याने वाचून दाखवले नाही. नंतर त्यांनी सांगितले की घोकंपट्टीला आपण नावे ठेवतो, पण ज्या मुलाच्या घरात आणि वस्तीत इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नव्हता, त्याला वाक्याची घडण अंगात मुरवण्याचा हाच रस्ता होता, आणि तो शिकवणारा शिक्षक घरातच होता. मुख्याध्यापक शाळेतून घरी आला तरी शिकवणे थांबत नव्हते, हे कोणत्याही भाषणापेक्षा त्या तासाभराने मला नीट समजले.

सत्राचा दुसरा भाग रामजींच्या धर्मजीवनाबद्दल आहे, आणि या सहलीचा कस येथे लागतो. वडिलांच्या धार्मिकतेविषयी खुद्द बाबासाहेबांनी लिहिले आहे. वडील लष्करी अधिकारी होते, पण तितकेच धर्मनिष्ठ होते, आणि त्यांनी मुलांना कडक शिस्तीत वाढवले. आजोबा रामानंदी, तर वडील कबीरपंथी. कबीरपंथी म्हणून मूर्तिपूजेवर विश्वास नाही, तरी मुलांसाठी म्हणून घरात गणपती बसवायचे. पंथाचे ग्रंथ वाचायचे, आणि तरीही रोज रात्री झोपण्यापूर्वी भीमरावाने आणि थोरल्या भावाने महाभारत आणि रामायणाचा काही भाग वाचून दाखवलाच पाहिजे, असा नियम. ऐकायला बहिणी असत आणि घरी जमलेली इतर माणसेही असत. हे अनेक वर्षे चालले. म्हणजे सुभेदारांचे घर हे रात्री एक छोटेसे कथामंदिर होत असे, आणि वाचक असत घरातलेच दोन मुलगे. देवळाचा गाभारा ज्यांना बंद होता अशा वस्तीत, एका निवृत्त लष्करी मास्तराने आपल्या ओसरीवर चालवलेली ही धर्मसेवा होती, असे मला वाटते. तिला कोणी पद दिले नव्हते, दक्षिणा नव्हती आणि पंथाचा अधिकारही नव्हता. दिवा लावायचा, माणसे बोलवायची आणि मुलाला वाचायला बसवायचे, एवढाच तिचा विधी होता.

आयोजकांनी या भागाचे भजनसंध्येत रूपांतर केले असते तर ते सोपे झाले असते, आणि लोकांना आवडलेही असते. त्यांनी तसे केलेले नाही. कबीराचे काही दोहे म्हटले जातात, एकेक सहप्रवासी पाळीपाळीने कथेचा भाग वाचतो, आणि मग बाई बाप-लेकातला वाद सर्वांसमोर ठेवतात. आपण अस्पृश्य असताना हे ग्रंथ का वाचायचे, असे भीमरावाने वडिलांना विचारले. सुरुवातीला रामजींना समाधानकारक उत्तर देता आले नाही. शेवटी त्यांनी दिलेले उत्तर असे होते की, आपण अस्पृश्य असल्याने आपल्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव आहे आणि तो काढून टाकण्यासाठी हे वाचायचे. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती वर चढले पाहा, आणि वाल्मीकी तर कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. मुलाला यात थोडे तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. महाभारतातील एकही व्यक्ती आपल्याला आवडत नाही, असे त्याने वडिलांना तोंडावर सांगितले. मुलगा बंड करून उठला आहे हे रामजींनी ओळखले होते.

हा उतारा वाचून झाल्यावर तेथे बराच वेळ चर्चा झाली, आणि ती चांगली झाली. पुढे ज्याने वेगळा धम्म स्वीकारला त्याच्या वडिलांच्या भक्तीला आता काय अर्थ उरतो, असे एका तरुण मुलीने विचारले. सुभेदारसाहेबांनी उत्तर देण्याचे टाळले आणि प्रश्न सर्वांपुढे ठेवला. माझे मत मी तेव्हाही मांडले आणि येथेही मांडतो. रामजींनी मुलाला ग्रंथ वाचायला लावले, आणि वाचता वाचता तो ग्रंथांना प्रश्न विचारू लागला. धर्माचा अभ्यास करायचा, त्यातील पात्रांना जोखायचे, आवडत नसेल तर ‘आवडत नाही’ असे वडिलांसमोर म्हणायचे, हे ज्या घरात शक्य होते ते घर साधे नव्हते. कडक शिस्तीच्या लष्करी बापाने त्या रात्री मुलाच्या तोंडावर हात ठेवला नाही, याला फार मोठे महत्त्व आहे.

दुसऱ्या दिवशी खेड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरमार्गे बस साताऱ्याला येते. प्रवास लांबचा आहे आणि घाटरस्ता ज्यांना सोसत नाही त्यांनी पुढच्या सीट मागून घ्याव्यात. येथे सहलीचा सर्वांत कच्चा भाग सुरू होतो. साताऱ्यात रामजींना सार्वजनिक बांधकाम खात्यात काम मिळाले, येथेच 1896 मध्ये भीमाबाईंचे निधन झाले, आणि येथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावाचे नाव दाखल झाले. नोंदवहीतील 1914 क्रमांकापुढची ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आता सर्वांना परिचित आहे, आणि तिच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेसमोर या नोंदीबद्दल उत्तम माहिती दिली गेली. पण शाळेत मुलाचे नाव घालायला गेलेल्या बापाच्या घरी त्या वेळी काय चालले होते, ते मात्र दोन-चार वाक्यांत उरकले गेले.

प्रपंच हा रामजींच्या आयुष्याचा सर्वांत अवघड भाग होता. चौदा अपत्यांपैकी बळराम, आनंदराव, भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली एवढीच मोठी झाली. आई गेली तेव्हा भीमराव अगदी लहान होता. त्यानंतर हे घर सांभाळले ते रामजींची बहीण मीराबाई हिने. पाठीला पोक असलेली ही आत्या मुलांना आईच्या मायेने वागवत असे, आणि सुभेदारांचे पहाटेचे भजन, दिवसाची नोकरी आणि रात्रीची शिकवणी हे सर्व तिच्या जिवावर चालत होते. पुस्तिकेत तिला एक ओळ मिळाली आहे. सहलीत तिचे नाव एकदा आले. रामजींनी नंतर केलेल्या दुसऱ्या लग्नाचा, जिजाबाईंचा आणि त्यामुळे लहानग्या भीमरावाच्या मनात उठलेल्या रागाचा विषय तर टाळलाच गेला. लष्कर, शाळा आणि भक्ती या तीन बाबतींत एवढा खोलवर विचार करणाऱ्या आयोजकांनी कुटुंबाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, याचे मला वाईट वाटले. ज्या घराच्या जोरावर बाकीचे सगळे उभे राहिले, त्या घरातील बायकांना या सहलीत अर्धा दिवस तरी मिळायला हवा.

दुसरी उणीव गोरेगावची. रामजी काही काळ खटाव तालुक्यातील या गावी, दुष्काळी कामावर बांधल्या जाणाऱ्या तलावाच्या ठिकाणी रोखपाल होते. 1901 मध्ये भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे कळवणारे त्यांचे पत्र नोकराच्या विसरण्यामुळे रामजींच्या हातात पडलेच नव्हते. जात कळल्यावर गाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, अशा अटीवर प्रवास झाला, आणि वाटेत पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रात नेहमी मुलाच्या बाजूने सांगितला जातो. मुले दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिल्यावर त्या बापाला काय वाटले असेल, ही बाजू मांडण्यासाठी या सहलीइतकी योग्य जागा दुसरी नाही. मसूर साताऱ्यापासून फार दूर नाही. वेळ नाही हे कारण मला सांगण्यात आले, पण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आणि चहासाठी घेतलेला थांबा कमी केला, तर तो वेळ सहज निघेल.

तिसरा दिवस मुंबईचा. 1904 मध्ये रामजी कुटुंबासह मुंबईला आले आणि परळला डबक चाळीत राहू लागले. ती एकच खोली, तीत भांडीकुंडी, जळण, जाते आणि एक शेळी. अशा खोलीत मुलाने अभ्यास कसा करायचा, यावर रामजींनी काढलेला उपाय हा त्यांच्यातल्या फौजीचा आणि मास्तराचा एकत्रित उपाय होता. मुलाने लवकर झोपायचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला मुलाला उठवायचे आणि मग त्याच्या जागी आपण झोपायचे. पलटणीतल्या पहाऱ्याप्रमाणे बापलेकांची पाळी बदलत असे. पुस्तकांचा प्रश्न त्याहून बिकट होता. महिन्याला पन्नास रुपयांच्या पेन्शनीत घर चालवून मुलाला हवे ते पुस्तक आणायला पैसे उरत नसत. मग रामजी लेकीच्या घरी जात, उसने पैसे मागत, आणि पैसे नसतील तर तिचा दागिना मागून घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत देत. बाईंनी हे परळच्या रस्त्यावर, दुकानांच्या गर्दीत उभे राहून सांगितले, आणि मला ते येथे सांगणेच योग्य वाटले. मंजुळा आणि तुळसा या बहिणींच्या दागिन्यांनी भावाची पुस्तके आली, ही गोष्ट या शहरात पुरेशी सांगितली जात नाही.

पोयबावडीच्या बीआयटी चाळीत सहल संपते. चाळ क्रमांक 1 मधील दुसऱ्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या 50 आणि 51 या खोल्यांत हे कुटुंब राहायला आले आणि येथेच 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजींचे निधन झाले. चाळीत कुटुंबे राहतात, याची आयोजकांनी चांगली जाण ठेवली आहे. जिन्यात गर्दी करायची नाही, फोटो विचारूनच काढायचे, बोलायचे ते खाली अंगणात, असे आधीच बजावले होते. खाली उभे राहून सुभेदारसाहेबांनी शेवटचा प्रसंग सांगितला. भीमराव बडोद्याच्या नोकरीवर नुकताच रुजू झाला होता. वडील आजारी असल्याची तार मिळताच तो निघाला, आणि वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरतेला उतरला. तेवढ्यात गाडी सुटली. तो दुसऱ्या दिवशी पोहोचला तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजत होते. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला गेला. वडिलांनी त्याला मॅट्रिक होताना पाहिले होते, पदवीधर होतानाही पाहिले होते, हे तरी त्यांच्या वाट्याला आले.

व्यवहाराचे थोडे लिहिले पाहिजे. शुल्क कमी नाही, एस.टी.ने स्वतः फिरल्यास याच्या निम्म्यातही भागेल, पण दापोलीचे सत्र आणि दोघा मार्गदर्शकांची सोबत लक्षात घेता मला ते वाजवी वाटले. जेवण साधे आणि पूर्ण शाकाहारी असते. मुक्काम स्वच्छ पण साध्या धर्मशाळावजा खोल्यांत असतो, आणि ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांनी तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवावी. पावसाळ्यात आंबेनळी घाट दरडींमुळे बंद होण्याची शक्यता असते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. 7 नोव्हेंबरच्या आसपासची तारीख मिळाली तर साताऱ्यात शाळेसमोर विद्यार्थ्यांचे कार्यक्रमही पाहायला मिळतील.

आठवी-नववीच्या पुढची मुले असतील तर त्यांना सोबत न्या, कारण भाषांतराच्या तासात सर्वांत जास्त रमली होती ती तीच. शिक्षकांनी तर गटाने जावे, आणि नोंदणी करताना आयोजकांना मसूर आणि गोरेगाव मार्गात घेण्याचा, आणि मीराबाईंना पुस्तिकेत किमान एक पान देण्याचा आग्रह धरावा. मी तसे पत्र त्यांना दिले आहे, आणि पुढच्या आवृत्तीत विचार करू असे त्यांनी मला लेखी कळवले आहे.